ड्वार्फ कटलफिशची अंडी मिळालीत, पिल्लांना काय घालू?

रीफवाला_एडिसन
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत असतो, रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) बरीच वर्षं आहे पण माकूळ, म्हणजे कटलफिश, पाळायची ही पहिलीच वेळ. इथे एका हौशी माणसाकडे ड्वार्फ कटलफिशची जोडी आहे, सेपिया बॅन्डेन्सिस, त्या मादीने अंडी घातली आणि त्याने त्यातला एक घोस मला दिला. काळ्या द्राक्षांचा घड दिसतो तसाच दिसतो अगदी. त्यांच्यासाठी ३० गॅलनचा वेगळा टँक केलाय, सायकल (घाण पचवणारे जिवाणू पाण्यात तयार होणं) पूर्ण झालंय, अमोनिया नायट्राइट शून्य, सॅलिनिटी १.०२५, टेंपरेचर २५ सेल्सिअसच्या आसपास. अंडी ब्रीडर नेटमध्ये (टँकमध्ये टांगायच्या बारीक जाळीत) ठेवलीत आणि फ्लो अगदी हलका आहे.

आता प्रश्न. काही अंडी अजून पूर्ण काळी आहेत, काही फुगून पातळ झालीत आणि टॉर्च धरला की आत पिल्लू हलताना दिसतं, तर साधारण किती दिवस लागतील? आणि मुख्य म्हणजे खाणं. दुकानवाला म्हणतो ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) अंड्यांतून घरीच फोडा आणि तेच द्या, स्वस्तात होतं. नेटवर सगळे जिवंत मायसिड (कोळंबीसारखे छोटे जीव) म्हणतात, ते फ्लोरिडाहून कुरियरने येतात आणि शिपिंगचाच खर्च मोठा आहे. नुसत्या ब्राइन श्रिंपवर नाही का भागणार? आणखी एक, माझी लेक रोज टँकला नाक लावून बसते आणि विचारते की आतल्या बाळाला मी दिसते का. काय सांगू तिला?

खारंपाणी
मी सॅन डिएगोला आहे, बॅन्डेन्सिस अंड्यापासून मोठे केलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खाण्याचं, कारण बाकी सगळं तुम्ही नीट केलंय. नुसत्या ब्राइन श्रिंपवर नाही भागणार. नुकत्याच फुटलेल्या ब्राइन श्रिंपमध्ये पिल्लांना लागणारी फॅटी ॲसिड्स नसतातच म्हटलं तरी चालेल, विशेषतः डीएचए, आणि आकारानेही ते इतके बारीक की पिल्लू बऱ्याचदा त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. मोठे करून, एनरिच करून (आधी त्यांनाच पोषक खाणं भरवून) दिले तर काही पिल्लं खातात आणि काही दिवस सगळं छान चाललंय असं वाटतं, मग वाढ थांबते आणि एकेक करून जातात. दुकानवाले हे सांगत नाहीत कारण त्यांनी मासे वाढवलेले असतात, माकूळ नाही. माकुळाचं पिल्लू जन्मल्यापासून शिकारी असतं, त्याला हलणारं, त्याच्या अंगाच्या मापाचं आणि पोटभरीचं भक्ष्य लागतं, आणि ते म्हणजे मायसिड. जोडीला ॲम्फिपॉड (बारीक कवचधारी जीव) दिलेत तर उत्तमच.

हिशेब आधीच मांडा. एका पिल्लामागे दिवसाला ४-५ मायसिड धरते मी, म्हणजे दहा पिल्लं जगली तर महिन्याला दीड हजार. हे ऐकून लोक घाबरतात, पण अंडी फुटल्यावर घाबरण्यापेक्षा आत्ता घाबरलेलं बरं. मायसिडसाठी वेगळा छोटा टँक लावा, स्पंज फिल्टर पुरे, आणि *त्यांना* ब्राइन श्रिंप घाला, दिवसातून दोनदा. तुमचं ब्राइन श्रिंपचं सामान असं कामी येईल. मायसिड उपाशी राहिले किंवा दाटी झाली की एकमेकांना खातात, म्हणून त्यांची पोटं भरलेली हवीत, आणि त्यातूनच त्यांचा सत्त्वांश पुढे पिल्लांना मिळतो.

फुटायला २५ डिग्रीला सुरुवातीपासून साधारण चार आठवडे लागतात. तुमची जी पातळ झालीत ती शेवटच्या टप्प्यात असणार. आत डोळे आधी लालसर दिसतात मग काळे होतात, नंतर अंगावर रंगाचे ठिपके उमटतात, आणि टॉर्च धरल्यावर पिल्लू आतल्या आत रंग बदलायला लागलं की दिवस भरत आले समजा. पण टॉर्च कमी वापरा आणि घोस अजिबात हलवू नका. धक्का बसला की दिवस भरण्याआधीच अंडं फुटतं, पिल्लाला बाहेर पिवळी पिशवी लटकलेली असते आणि अशी पिल्लं बहुतेक जगत नाहीत. जे अंडं फुगतच नाही, मऊ पडतं किंवा त्यावर बुरशी धरते ते मात्र हळूच काढून टाका, नाहीतर शेजारची खराब होतील.

पिल्लं बहुतेक रात्रीच बाहेर येतात. सेंटिमीटरहून कमी, पण रंग बदलणं, शाई सोडणं, शिकार करणं सगळं येत असतं. पहिले एकदोन दिवस खाल्लं नाही तर जीव घाबरा करू नका, पोटात अजून बलक शिल्लक असतो, पण मायसिड दुसऱ्या दिवसापासून समोर हवेत.

कोकणमत्स्य
खारंपाणी ताईंनी खाण्याचं नेमकं सांगितलं. मी रत्नागिरीचा, मत्स्य महाविद्यालयात शिकलोय, त्यामुळे आपल्याकडच्या माकुळांशी जास्त ओळख, बॅन्डेन्सिस मी पाळलेला नाही. तो मूळ इंडोनेशिया फिलिपाइन्सकडचा, १९३९ मध्ये इंडोनेशियातल्या बांदावरून नाव मिळालं, हल्ली शास्त्रज्ञांनी नाव बदलून ॲस्कारोसेपियन बॅन्डेन्स केलंय, हॉबीत मात्र जुनंच चालतं.

अंडी काळी का, तर मादी अंड्याच्या आवरणात शाई मिसळते. आपल्याकडे सेपिएला इनर्मिसची अंडीही अशीच काळी असतात, आणि मोठा माकूळ सेपिया फॅरोनिस, त्याची मात्र पांढरट आरपार दिसणारी. फॅरोनिसची अंडी आपल्या सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) फोडून पिल्लं वाढवून दाखवलीत आणि तिथेही सुरुवातीच्या जिवंत खाद्याचाच प्रश्न सगळ्यात मोठा. माकुळाची मादी अंडी चिकटवून निघून जाते, ऑक्टोपससारखी राखण करत नाही, त्यामुळे दोरी, जाळी, पाण्यात पडलेली फांदी जे मिळेल त्यावर अंडी असतात. कर्नाटकच्या किनाऱ्यावर नारळाच्या पोयी वगैरे बांधून पाण्यात सोडतात, अंडी घालायला माकूळ जमला की पकडतात, म्हणजे माकूळही जातो आणि पुढची पिढीही. हे मला फार खटकतं, विषय निघाला म्हणून लिहिलं.

तुमच्या लेकीला सांगा, बहुतेक हो. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या संशोधकांनी युरोपियन माकुळाच्या अंड्यांशेजारी खेकडे ठेवले होते, आणि फुटल्यावर त्या पिल्लांनी कोळंबीपेक्षा खेकडा जास्त पसंत केला. २००८ सालचं काम आहे. अंड्यातूनच बाहेरचं बघतात आणि लक्षातही ठेवतात. रंग मात्र त्यांना कळत नाहीत, एवढे रंग बदलणारा प्राणी स्वतः रंगांधळा.

पुणे_मरीन
मध्येच विचारतो, आपल्याकडे जिवंत मायसिड विकत मिळणं अवघड, मग किनाऱ्यावर जवळा मिळतो तो चालेल का? भविष्यात कधी देशी माकुळाची अंडी मिळाली तर.

कोकणमत्स्य
नुकत्या फुटलेल्या पिल्लांना नाही. जवळा दोनतीन सेंटिमीटरचा, पिल्लाहून मोठा, आणि जाळ्यातून काढल्यावर लगेच मरतो. पिल्लं मोठी झाल्यावर चालेल, तोही जिवंत आणता आला तर. मायसिड आपल्या खाड्यांमध्ये, कांदळवनाच्या कडेला असतात, बारीक जाळीच्या हातनेटने भरतीच्या वेळी कडेकडेने मिळतात. पण औद्योगिक सांडपाणी येणारी खाडी नको, आणि आणल्यावर थेट टँकमध्ये टाकू नका, दोन दिवस वेगळे ठेवून बघा.

रीफवाला_एडिसन
दोघांचे मनापासून आभार, मायसिडचा टँक आज रात्रीच लावतो. लेकीला खेकड्याची गोष्ट सांगितली तर ती आता अंड्यांना पुस्तकातली चित्रं दाखवतेय. अजून दोन शंका, पिल्लं सगळी एकत्र ठेवू का, आणि जिवंत खाणं किती महिने? आणि हा टँक सेकंडहँड आहे, त्याचं काही बघायला लागेल का?

खारंपाणी
सेकंडहँडचं आधी. पूर्वीच्या मालकाने त्यात कधी तांब्याचं औषध वापरलं होतं का ते विचारा, माशांच्या इक नावाच्या रोगासाठी सर्रास वापरतात. काचेच्या जोडाचं सिलिकॉन आणि जुने दगड तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. माकुळाच्या रक्तात तांबंच असतं, म्हणून ते निळसर, पण पाण्यातलं तांबं त्याला मारतं. तांब्याची टेस्ट किट मिळते, करून घ्या, आणि वापरलं होतं असं कळलं तर अंडी आजच दुसरीकडे हलवा, हा एकच प्रसंग जिथे मी अंडी हलवा म्हणेन, तीही पाण्यातल्या पाण्यात, कपात घेऊन.

सुरुवातीला एकत्र आणि नेटमध्येच ठेवा. मोठ्या टँकमध्ये सोडलं की पिल्लाला मायसिड सापडत नाही आणि तुम्हाला पिल्लू. थोडं प्लॅस्टिकचं गवत किंवा कॉलर्पा (समुद्री शेवाळ) ठेवा लपायला. पोट भरलेलं असलं तर भांडत नाहीत, एखादं मागे पडलं तर ते वेगळं काढून खायला द्या. पकडायला जाळी वापरू नका, कप बुडवून पाण्यासकट उचला, हवेत काढलं की अंगाखाली हवा अडकते आणि मग तरंगत राहतं. छोट्या भांड्यात शाई सोडली तर लगेच ताज्या पाण्यात हलवायचं, शाई कल्ल्यांवर बसते. आणि पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) तोंडाला स्पंज हवाच.

जिवंत खाणं दोन अडीच महिने तरी नक्की. मग फ्रोझन मायसिस (गोठवलेले मायसिड) किंवा कोळंबीचा तुकडा काडीला लावून समोर हलवायचा, जिवंत खाण्याच्या आधी, भूक असताना. दोन लांब सोंडा बाहेर फेकून झडप घातली की जमलं. काही आठवडाभर ढिम्म बघत नाहीत आणि मग एक दिवस घेतात. एकाने घेतलं की ते बघून बाकीचे घेतात असं मला वाटतं, पण खात्रीने नाही सांगत.

मोठा झाल्यावर जेमतेम १० सेंटिमीटर, तरी ३० गॅलनमध्ये एकच सुखाने राहील, फार तर दोन. जास्त जगले तर बाकीचे कोणाला द्यायचे ते आत्ताच ठरवा, नर एकत्र असले की मारामाऱ्या होतात. टँकमध्ये मासा नको, ॲनिमोनी नको. आणि लेकीला हळूहळू कल्पना देत जा, आयुष्य वर्षभराचंच असतं, पाच सहा महिन्यांत जोडी जमते, मादी अंडी घालते आणि मग उतरती कळा लागते. खाणं कमी होतं, डोळे गढूळ होतात, नेम चुकतो. ते तुमचं काही चुकलं म्हणून नसतं.

तुम्ही न्यूयॉर्कच्या जवळ आहात म्हणून सांगते, कोलंबिया युनिव्हर्सिटीत, नोबेल मिळालेले रिचर्ड ॲक्सल यांच्या लॅबमध्ये याच बॅन्डेन्सिसवर काम चालतं, त्याच्या मेंदूचा त्रिमितीय नकाशा त्यांनी कटलबेस नावाने सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. लेकीला चित्रं हवीच असतील तर ती दाखवा, अंड्याच्या आतली वाढही टप्प्याटप्प्याने दिलीय, तुमची अंडी कुठल्या टप्प्यावर आहेत ते तिला स्वतःलाच जुळवता येईल.