टेल्स ऑफ मंकी आयलंड: तिसरा भाग सरस की चौथा?

दर्यावर्दी: ‘मंकी आयलंड या चाच्यांच्या साहसी संगणक-खेळांच्या मालिकेतील ‘टेल्स’च्या पाच भागांत तिसराच काय तो खेळण्यासारखा, चौथ्यात फ्लॉटसम बेटाचे जुनेच नेपथ्य वापरून वेळ काढला आहे,’ हे काल इथे मांडलेले मत वाचून गप्प बसवले नाही. नेपथ्य जुने आहे, हे मान्य. पण पहिल्या भागात गायब्रशच्या, म्हणजे नायक चाच्याच्या, हातून आपण त्या बेटावर जे उपद्व्याप मजेत करवून घेतले, त्यांचाच जाब चौथ्या भागात भर न्यायालयात विचारला जातो, आणि फिर्यादी पक्षाचा वकील म्हणून हातवारे करत उभा राहतो तो जुनी जहाजे विकणारा स्टॅन. पुढे बक्षिसासाठी चाचे पकडणाऱ्या मॉर्गनचा मृत्यू होतो आणि आतापर्यंत सज्जनासारखा वागणारा मालिकेचा जुना खलनायक लेचक नायकालाच तलवारीने भोसकतो. भागाभागांनी सांगायच्या कथेत याहून पक्की वीण कोणती हवी?

गलबतवाला: काल ते मत मीच मांडले होते आणि आजही त्यावर ठाम आहे. तिसरा भाग जवळजवळ सगळा एका महाकाय मॅनाटीच्या (समुद्रगायीच्या) पोटात घडतो. जागा तोकडी, पात्रे मोजकी, तरीही मरे नावाची बोलकी कवटी आणि चेहरे वेडेवाकडे करण्याची चढाओढ यांत मालिकेच्या १९९० च्या पहिल्या खेळातील शिव्यांच्या तलवारबाजीचा (तिथे खोचक टोमण्याला तसेच उत्तर देऊन द्वंद्व जिंकायचे) वारसा जिवंत होतो. तुमच्या लाडक्या चौथ्या भागात मात्र त्याच जंगलातून पुन्हा पुन्हा पायपीट करायची, आणि तीही माऊस दाबून ओढत! जिथे जायचे तिथे क्लिक करावे, हा साधा शिरस्ता मोडणाऱ्यांना मी क्षमा करणार नाही.

दर्यावर्दी: माऊस ओढणे पाचही भागांत आहे, त्याचे खापर एकट्या चौथ्यावर का फोडता?

किनारपट्टी: शिरस्ता टेल्सने मोडला, हे विधान साफ चुकीचे आहे. मालिकेतल्या २००० सालच्या ‘एस्केप फ्रॉम मंकी आयलंड’मध्ये तर माऊसच नव्हता. सगळा कारभार कळफलकावर किंवा गेमपॅडवर चालायचा. टेल्सने निदान वस्तूंवर क्लिक करणे परत आणले. इतिहास अर्धवट सांगून लोकांची दिशाभूल करू नये.

गलबतवाला: दिशाभूल हा शब्द मागे घ्या. आधीच्या खेळाने गैरसोय केली म्हणून नंतरची गैरसोय सोय ठरत नाही. २०२२ च्या ‘रिटर्न टू मंकी आयलंड’मध्ये क्लिक करून चालणे परत आले, यातच सगळे आले.

किनारपट्टी: शब्द मागे घेतो, मुद्दा घेणार नाही. त्रिमितीय दृश्यात कॅमेरा सारखा कोन बदलत असताना नुसत्या क्लिकवर पात्र नेमके नेणे अवघडच होते, हेही लक्षात घ्या.

दर्यावर्दी: मूळ प्रश्नाकडे या. ऑक्टोबर २००९ च्या अखेरीस चौथा भाग आला, तेव्हा धाकटा भाऊ आणि मी एकाच खुर्चीवर दाटीवाटीने बसून तो खेळलो. गायब्रश कोसळला आणि श्रेयनामावली सुरू झाली, तेव्हा भाऊ उठून गेला आणि जेवायलाही आला नाही. डिसेंबरात पाचवा भाग येईपर्यंत आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. तिसऱ्या भागाने आम्हाला पोटभर हसवले, पण असे अस्वस्थ केले नाही.

गलबतवाला: शेवट जबरदस्त आहे, एवढे नाइलाजाने मान्य करतो. पण अखेरच्या काही मिनिटांच्या जोरावर आधीची सारी पायपीट माफ होत नाही. कोडी, संवाद आणि बांधेसूदपणा यांत तिसराच सरस आहे, आणि पाचव्या भागातील भुताच्या भटकंतीबद्दल तर मला अजून बोलायचेच आहे.