६१ च्या वर्गप्रकृतीतील २२,६१,५३,९८० या संख्येचा पडताळा कसा घ्यावा?

प्रश्न (चाळीसगाव)
गेल्या आठवड्यात नववीच्या मुलांना पाटणादेवीला नेले होते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद पाटणच्या शिलालेखात आहे, त्यामुळे परतताना बोलणे त्यांच्या बीजगणिताकडे वळले. कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग येतो, हे त्यांचे वर्गप्रकृतीचे (म्हणजे अशा समीकरणाचे) उदाहरण मी सांगितले: कनिष्ठ, म्हणजे ती संख्या, २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ, म्हणजे येणाऱ्या पूर्ण वर्गाचे मूळ, १,७६,६३,१९,०४९. मोबाइलवर ज्येष्ठाचा वर्ग केला तर उत्तर एकोणीस अंकी असल्याने शेवटचे अंक दिसतच नाहीत. हाताने पडताळा कसा घ्यावा? शिवाय ज्येष्ठ ही मूळ संख्या आहे का, असे एका मुलीने विचारले आहे.

उत्तर (जळगाव)
त्या मुलीचे प्रथम सांगतो. ज्येष्ठाचे अंक उजवीकडून एकाआड एक मिळवत आणि वजा करत गेल्यास शून्य उरते, म्हणून ११ ने भाग जातो, भागाकार १६,०५,७४,४५९. ती मूळ संख्या नाही.

पडताळ्यासाठी मुलांना आधी शेवटचे दोन अंक पाहायला लावा. ८० चा वर्ग ६४००, म्हणून डावी बाजू (कनिष्ठाच्या वर्गाची ६१ पट अधिक १) ०१ ने संपते. ४९ चा वर्ग २४०१, उजवीही (ज्येष्ठाचा वर्ग) तशीच. मात्र एवढ्याने समानता सिद्ध होत नाही, केवळ ढोबळ चूक सापडते. खरा पडताळा २९,७१८ आणि ३,८०५ या जोडीतून होतो. पहिलीचा वर्ग ८८,३१,५९,५२४ आहे आणि दुसरीच्या वर्गाची ६१ पट ८८,३१,५९,५२५, म्हणजे क्षेप (६१ पटीत मिळवायची संख्या) उणे १. आता त्या दोघींच्या गुणाकाराची दुप्पट हे कनिष्ठ आणि २९,७१८ च्या वर्गाच्या दुपटीत १ मिळवला की ज्येष्ठ. दोन्ही गुणाकार फळ्यावर सहज मावतात. कनिष्ठाचे अवयव २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१ असे पडतात, तेही यातूनच मिळतात.

उत्तर (धुळे)
मग २९,७१८ आले कुठून, हेही मुलांना दाखवावे, कारण चक्रवाळाचे (एका जोडीवरून पुढची जोडी काढत जाण्याच्या रीतीचे) सौंदर्य तिथेच आहे. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ अधिक ३, म्हणून कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. चक्र एकदा फिरवले की कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९, क्षेप उणे ४ मिळतो (१५२१ वजा १५२५). दोन्ही निम्मे केल्यावर क्षेप उणे १ होतो, आणि त्या अर्ध्या जोडीची स्वतःशी दोनदा भावना (दोन जोड्या गुणून नवी जोडी काढणे) केली की अपूर्णांक नाहीसे होऊन ३,८०५ आणि २९,७१८ उरतात.

६० साठी कनिष्ठ ४ पुरते, ६२ साठी ८, ६३ साठी तर १. मधल्या ६१ लाच नऊ अंकी संख्या लागते. फ्रेंच गणितज्ञ फेर्मा यांनी १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना हाच ६१ आव्हान म्हणून दिला होता, आणि आपल्याकडे तो ११५० मध्ये सुटलेला होता!

प्रश्नकर्ता
आज फळ्यावर दोन्ही गुणाकार जुळले. भास्कराचार्यांचेच ६७ चे उदाहरण (कनिष्ठ ५,९६७, ज्येष्ठ ४८,८४२) मुलांना घरी दिले आहे, पण तिथे उत्तर न सांगता चक्र ८ पासूनच फिरवायला सांगितले आहे.