जर्मनीला जाताना जर्मन शिकायची गरज आहे काय?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत कामाला आहे, कंपनी मशीनच्या ट्रेनिंगला श्टुटगार्टला पाठवतेय. सोबतचे म्हणतात तिकडं सगळ्यांना इंग्लिश येतंय, उगं डोकं शिणवू नको. पण मला ते बरं वाटेना ओ, दुसऱ्याच्या गावात जायचं आणि एक शब्द त्यांचा नाही. कमी वेळात काय शिकू?

टिळकवाडीची_सून:
शिका, नक्की उपयोग होतो. मी तिकडं राहिलेय. दुकानात शिरा नाहीतर डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, आधी सगळ्यांना नमस्कार करायची पद्धत आहे, 'गुटन टाग', त्या भागात 'ग्र्यूस गॉट' पण ऐकू येईल. ते सोडून थेट इंग्लिश सुरू केलं की समोरचा जरा आखडतो आणि मग आपणच म्हणतो जर्मन लोक रुक्ष. नमस्कार करून 'श्प्रेखन झी एंग्लिश?' विचारा, पुढचं इंग्लिशमध्ये झालं तरी चालतंय. आणि अनोळखी माणसाला 'झी'च म्हणा, 'डू' नको, आपल्या तुम्ही आणि तू सारखंच आहे ते.

निपाणीकर:
मशीनवर मात्र जर्मन बोलायचा हट्ट नको. सेफ्टीची सूचना अर्धवट कळली तर जीवावर बेतेल, तिथं इंग्लिशच, आणि कळलं नाही तर परत परत विचारा. बेकरीत, ट्रेनमध्ये खुशाल बोला.

शहापूरवाला:
आकडे आधी पाठ करा, पैसे आणि प्लॅटफॉर्म त्यातच असतात. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो की, त्यांचं पण तसंच, 'फ्युन्फ उंट त्स्वान्त्सिश', पाच आणि वीस. इंग्लिशमध्ये आणि कन्नडात वीस आधी येतं म्हणून इंग्लिशमधून शिकणारे इथंच अडकतात, तुम्ही मराठीतूनच डोक्यात धरा. फक्त वेळ सांभाळा, 'हाल्प द्राय' म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच!! ट्रेनिंगच्या टायमाला घोटाळा नको.

खानापूरकर:
हे कुणीच सांगितलं नव्हतं, लई आभार. मी जर्मन बोललो आणि त्यांनी इंग्लिशमध्ये उत्तर दिलं तर?

टिळकवाडीची_सून:
देतीलच, तुम्हाला सोपं जावं म्हणून देतात, वाईट वाटून घेऊ नका. मागं लाईन नसेल तर 'इश लेर्न डॉइच' म्हणा, मी जर्मन शिकतोय, बरेच जण मग सावकाश बोलतात. आपल्या मार्केटात कन्नड मावशी मोडक्या मराठीत 'या की ओ' म्हणते तेव्हा आपण तिला हसतो काय, उलट तिच्याकडंच भाजी घेतो. आणि रविवारी तिकडं दुकानं बंद असतात, पोचल्या पोचल्या पहिला बाजार शनिवारीच करून ठेवा.