शब्दचर्चा : ‘गर्भारपणातली नागीण’ हा शब्द का नको?

भाषांतरकर्ती : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात ‘हर्पिस जेस्टेशनिस’ हा शब्द आलाय. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यानंतर बेंबीभोवती भयंकर खाज सुटते, मग गांधी उठतात, मग पाण्याचे मोठे फोड येतात. कच्च्या मसुद्यात ‘गर्भारपणातली नागीण’ असं केलंय. चालेल का? शिवाय ‘ऑटोइम्यून’, ‘अँटीबॉडी’ आणि ‘प्लासेंटा’ यांना काय घ्यावं?

त्वचारोगतज्ज्ञ : नाही चालणार, आजच खोडा. नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा आजार. ती मज्जातंतूच्या वाटेने, अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. तुम्ही सांगताय त्या आजारात विषाणूचा संबंधच नाही. ‘नागीण’ छापलंत की विषाणूवरच्या गोळ्या सुरू होतात आणि ज्याची खरी गरज आहे ते स्टेरॉइड लांबतं. घरचे बाईला वेगळं बसवतात, बाळ जवळ द्यायला घाबरतात. खरं तर हा आजार कोणाला लागत नाही.

आणखी एक आहे. नागिणीचा विळखा पुरा झाला, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही समजूत अजून घरोघरी आहे. नागिणीत विळखा सहसा पुरा होत नाही. या आजारात मात्र फोड बेंबीच्या दोन्ही बाजूंना येतात, पाठीपर्यंत जातात. म्हणजे शब्द चुकला तर त्या बाईला आपण नेमकी तीच भीती हातात देतो.

व्युत्पत्ती पाहणारा : नाव कुठून आलं ते सांगतो. मिल्टन यांनी १८७२ मध्ये ‘हर्पिस जेस्टेशनिस’ असं म्हटलं, तेव्हा ‘हर्पिस’ म्हणजे नुसते सरपटत पसरणारे, घोसाने येणारे फोड. ग्रीक ‘हर्पेइन’ म्हणजे सरपटणे. आपला ‘सर्प’ आणि आयुर्वेदातला ‘विसर्प’ याच मूळ धातूचे. त्यामुळे ‘नागीण’ हे भाषांतर व्युत्पत्तीला अगदी धरून आहे आणि वैद्यकात साफ चूक आहे. मूळ अर्थ खरा म्हणून आजचा अर्थ खरा, असं होत नाही. आता नाव ‘पेम्फिगॉइड जेस्टेशनिस’. ‘पेम्फिक्स’ म्हणजे फोड, आणि ‘ऑइड’ म्हणजे तसा दिसणारा.

त्वचारोगतज्ज्ञ : हा ‘ऑइड’ गाळू नका. पेम्फिगस हा फोडांचाच, पण वेगळा आजार. त्यात त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात, म्हणून फोड सैल असतो, हात लागताच फुटतो. पेम्फिगॉइडमध्ये अख्खा वरचा थर तळापासून उचलला जातो. छत जाड, म्हणून फोड तट्ट फुगलेला राहतो. मराठीत ‘सैल फोड’ आणि ‘तट्ट फोड’ म्हणा, फरक लगेच कळतो. ‘पुरळ’ आणि ‘पुटकुळ्या’ इथे अपुरे आहेत.

रोगप्रतिकारशास्त्र शिकवणारी : ‘ऑटोइम्यून’ला ‘स्वप्रतिरक्षा’ कोशात ठीक. पत्रकात ‘ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते’ असं लिहावं. ‘प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे’ असं कुठेही येऊ देऊ नका, नाहीतर बाई ती वाढवणारी चूर्णं शोधू लागते. अँटीबॉडीला ‘प्रतिद्रव्य’ आणि ‘प्रतिपिंड’ दोन्ही रूढ आहेत. मी ‘प्रतिपिंड’ टाळते. गर्भ आणि पिंड हे शब्द इतके जवळ असताना घोटाळा होतो.

‘प्लासेंटा’ला ‘नाळ’ लिहू नका. नाळ म्हणजे बेंबीची दोरी. प्लासेंटा म्हणजे वार. सुइणी आणि नर्स ‘वार पडली’, ‘वार अडकली’ असंच म्हणतात. हा शब्दाचा काटेकोरपणा उगाच नाही, कारण आजाराची सुरुवात वारेतच होते असं मानलं जातं. त्वचेचा वरचा थर खालच्याला जोडून ठेवणारं एक प्रथिन आहे, बीपी१८०, म्हणजेच कोलॅजन १७. तेच वारेत आणि गर्भाच्या पिशवीच्या आवरणातही असतं. वारेतल्या पेशी एरवी आपली ओळखपत्रं, म्हणजे एचएलएच्या दुसऱ्या वर्गाची प्रथिनं, आईपुढे मांडत नाहीत. या आजारात ती तिथे दिसतात आणि त्यांत वडिलांकडून आलेलीही असतात. आईची प्रतिकारयंत्रणा चवताळते, बीपी१८०विरुद्ध प्रतिद्रव्यं बनतात, आणि तीच तिच्या त्वचेतल्या बीपी१८०ला जाऊन चिकटतात. एनसी१६ए हा त्या प्रथिनाचा पेशीबाहेरचा, पटलालगतचा तुकडा त्यांचं मुख्य लक्ष्य. चिकटल्यावर पूरक प्रथिनं, म्हणजे प्रतिद्रव्यांना साथ देणारी रक्तातली प्रथिनं, जागी होतात, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी ओढल्या जातात, त्यांच्यातून सुटलेली द्रव्यं जोड तोडतात आणि त्या फटीत पाणी भरतं.

प्रयोगशाळेतून : ‘बायोप्सी’ला ‘तुकडा काढणे’ चालेल, पण पत्रकात ‘दोन तुकडे’ असं स्पष्ट लिहा. एक ताज्या फोडाच्या कडेचा, फॉर्मेलिनमध्ये. दुसरा फोडालगतच्या अखंड त्वचेचा, मिशेल या तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात. दुसराही फॉर्मेलिनमध्ये टाकला की चमक-तपासणी, म्हणजे इम्युनोफ्लुओरेसन्स, वाया गेली. मिशेल नसेल तर साध्या सलाईनमध्ये घालून २४ तासांच्या आत पोचवा. तपासणीत तळपटलावर, म्हणजे त्वचेचे दोन थर जिथे जुळतात तिथे, सी३ या पूरक प्रथिनाची सलग हिरवी रेघ दिसते, ठिपके नव्हेत. ‘रेषीय’पेक्षा ‘सलग रेघ’ बरं. आयजीजी, म्हणजे प्रतिद्रव्यांचा एक प्रकार, प्रत्येकीत दिसेलच असं नाही, त्यामुळे ‘आयजीजी नाही म्हणून आजार नाही’ हे वाक्य चुकीचं. १ मोलर मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरला सुमारे ५८.५ ग्रॅम मीठ, भिजवून दुभंगवलेल्या त्वचेवर ही प्रतिद्रव्यं छताच्या बाजूला चिकटतात. रक्तातली बीपी१८०विरुद्धची प्रतिद्रव्यं मोजणारी एलायझा तपासणीही उपयोगी.

भाषांतरकर्ती : ‘स्ट्रेच मार्कवरची पुरळ’ आणि हे एकच का?

त्वचारोगतज्ज्ञ : नाही. ती पुरळ पोटावरच्या ताणाच्या रेषांवर सुरू होते, बेंबी सोडते, बहुधा पहिलटकरणीला होते आणि पुढच्या खेपेला सहसा येत नाही. पेम्फिगॉइड बेंबीपासूनच सुरू होतो आणि पुढच्या गर्भारपणात बहुधा परततो, अनेकदा लवकर आणि जोरात. हा खूपच विरळा, साधारण ५० हजार गर्भारपणांत एक.

आणि नुसतं ‘स्टेरॉइड’ लिहू नका, औषधाचं नाव ठेवा. थोडक्या फोडांना तीव्र स्टेरॉइड मलम पुरतं. जास्त असतील तर प्रेडनिसोलोन, वजनाच्या किलोमागे साधारण ०.५ मिग्रॅ रोज, म्हणजे ६० किलोच्या बाईला ३० मिग्रॅ. हे औषध वारेतच बऱ्याच अंशी निष्क्रिय होतं, बाळापर्यंत सुमारे दहावा भाग जातो. डेक्सामेथासोन मात्र वार ओलांडतं. साखर आणि रक्तदाब पाहत राहावं लागतं. बाळंतपणाच्या सुमारास आजार अनेकदा उसळतो, म्हणून त्या दिवसांत डोस घाईने उतरवत नाहीत. काहींना पाळीच्या वेळी किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी पुन्हा फोड येतात, हेही पत्रकात हवं.

भाषांतरकर्ती : शेवटचं. बाळाला फोड आले तर ‘जन्मजात आजार’ म्हणू?

रोगप्रतिकारशास्त्र शिकवणारी : ‘जन्मजात’ही नको, ‘आनुवंशिक’ तर मुळीच नको. शंभरांतल्या सुमारे दहा बाळांना थोडे फोड येतात, कारण आईचं आयजीजी वारेतून बाळात उतरतं. बाळ स्वतः ते बनवत नाही. ‘आईकडून आलेली उसनी प्रतिद्रव्यं’ असं लिहा. दर तीन आठवड्यांना ती साधारण निम्मी होत जातात आणि बाळाची त्वचा काही आठवड्यांत बरी होते. त्यासाठी बाळाला आईपासून दूर ठेवायची गरज नसते.