ट्रम्पेटची मुख्य स्लाइड आपोआप घसरते

प्रश्न (नवशिका_तुतारीवाला): जुना बी-फ्लॅट ट्रम्पेट घेतलाय. भोंगा जरा खाली झुकवला की मुख्य ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची U आकाराची सरकती नळी) हळूहळू बाहेर येते आणि सूर उतरतो. टेप गुंडाळू का?

पितळप्रेमी: टेप अजिबात नको! मीही एकदा दोरा गुंडाळला होता; स्लाइड अशी अडकली की दुरुस्तीवाल्याने आधी मलाच झापलं. स्लाइड १ सेंमी सरकली तरी हवेची वाट २ सेंमी वाढते, कारण U ला पाय (सरळ नळ्या) दोन असतात. एकूण नळी जेमतेम १४८ सेंमी, म्हणजे सूर जवळपास पाव अर्धस्वर उतरतो. तेव्हा कान खोटं सांगत नाहीत तुमचे.

आधी जुनं ग्रीस कोमट साबणपाण्याने काढा, कोरडं करा आणि घट्ट स्लाइड ग्रीस लावा. व्हॉल्व्हचं (बोटांनी दाबायच्या कळांचं) पातळ तेल तिथे लावलंत तर स्लाइड घसरणारच. (माझा पहिला महिना असाच गेला.)

नवशिका_तुतारीवाला: जाड ग्रीस लावलं, दोन दिवस टिकलं. पुन्हा तेच.

पितळप्रेमी: मग झीज असेल. स्लाइडचा एकच पाय माउथपीसकडच्या नळीत घाला, दोन्ही उघडी टोकं बोटांनी बंद करून स्लाइड आत दाबा. सोडल्यावर ती उसळून परत आली नाही तर हवा गळतेय. कारागीर आतली नळी किंचित फुगवून देतो. पाय हाताने वाकवू मात्र नका.

नवशिका_तुतारीवाला: नाही उसळली. टाकतो दुरुस्तीला.