यंदा बॅगेत हत्ती नको

मेधा (बी-३०४): नमस्कार. सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझला येणाऱ्या मंडळींसाठी लिहितेय, बाकीच्यांनी सांभाळून घ्या. 'तिकडून आणायच्या सामानाची' यादी काल जिन्यात कोणीतरी वाचून दाखवत होतं. आधीच सांगते, यंदा माझ्या बॅगेत दुसऱ्या कोणाचंही काही येणार नाही. लाकडाचं तर नाहीच नाही. मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नाव घेत नाही.

शिर्के काका (ए-१०२): नाव नाही घेतलं तरी सोंड दिसतेय 😂

सुनंदाकाकू (ए-२०३): मेधा, रोख माझ्यावर आहे ते कळतंय हो. फुकेतचा तो लाकडी हत्ती मी माझ्या पैशाने घेतला होता. तुझ्या बॅगेत फक्त पिल्लू होतं.

मेधा: ते पिल्लू साडेचार किलोचं होतं काकू. माझ्या साड्या मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून अमदावादला उतरले. ह्यांची आई घ्यायला आली होती.

शिर्के काका: सासूबाई काय म्हणाल्या?

मेधा: काका, प्लीज.

दिघे काका (डी-१): एक महत्त्वाचं. बाहेरून आणलेला फ्लॅट टीव्ही कस्टमच्या फ्री अलाउन्समध्ये, म्हणजे ड्यूटी न भरता आणायच्या सामानात, बसत नाही. ऑगस्ट २०१३ पासून. ड्यूटी भरावीच लागते.

वैशाली (सी-२०२): काका, टीव्ही कोण आणतंय?

दिघे काका: सांगून ठेवलं.

निखिल (सी-४०१): माझा धाकटा भाऊ जहाजावर हाउसकीपिंगला आहे. त्याला विचारून लिहितोय, म्हणजे वाद नको. जहाजाला तुमच्या खरेदीच्या वजनाशी घेणंदेणं नसतं. बंदरातून परत चढताना सगळं सामान एक्स-रेतून जातं, विमानतळासारखंच. मशीनच्या तोंडात न मावणारी वस्तू हाताने उघडून बघतात आणि मागे रांग तटते. मग केबिन. आपल्या आतल्या केबिनमध्ये रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवल्या की जागा संपली. मोठी वस्तू वाटेत ठेवलीत तर आग लागल्यावर बाहेर कसं पडणार म्हणून जहाजवालेच हटवायला सांगतात. शेवटच्या रात्री टॅग लावून बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, त्या खलाशी उतरवतात. बॅगेत न मावलेलं आपण स्वतः उचलायचं. म्हणजे जहाज अडवत नाही. अडवतं विमान. आपल्या तिकिटात २५ किलो आणि हातात ७.

सुनंदाकाकू: बघा! जहाज अडवत नाही. मी हेच म्हणत होते.

मेधा: पुढचं वाक्यही वाचा ना काकू.

प्रकाशभाऊ (बी-१०१): पेनांगला राईस कुकर स्वस्त मिळतो म्हणे. घ्यायचा का? मोठा, बारा माणसांचा.

निखिल: घ्या, पण जहाजावर तो सिक्युरिटीकडे जमा होईल. गरम होणारं काहीही केबिनमध्ये चालत नाही. कुकर, इस्त्री, किटली, सगळं. पावती देतात, उतरताना परत मिळतं. सुऱ्या-कोयत्यांचंही तेच. किनाऱ्यावर बाटली घेतलीत तर तीसुद्धा शेवटच्या रात्रीपर्यंत तेच ठेवून घेतात.

शिर्के काका: आणि त्यानंतर गुजरात ठेवून घेतं.

सेक्रेटरी (ए-३०१): कृपया. हा सोसायटीचा ग्रुप आहे. दारूबंदीचं राज्य आहे.

शिर्के काका: मी बाटली म्हणालो का? निखिल म्हणाला.

निखिल: सिंगापूरला परत उतरताना तिथलीही कस्टम आहे बरं का. ४८ तासांहून जास्त बाहेर राहिलात तर ५०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्या वस्तूंवर जीएसटी नाही. सिगारेट मात्र एकही ड्यूटी-फ्री नाही, शिर्के काका.

शिर्के काका: मी सोडली.

प्रकाशभाऊ: मग काल गच्चीवर कोण होतं?

दिघे काका: फ्लॅट टीव्ही फ्री अलाउन्समध्ये बसत नाही. ऑगस्ट २०१३ पासून. तेव्हा रुपया घसरत होता आणि लोक बँकॉक-दुबईहून बॅगेसारखे टीव्ही आणत होते, म्हणून सरकारने सवलत काढली.

वैशाली: निखिल, मला फुकेतहून हॉलसाठी बुद्धाचं मोठं मस्तक आणायचं आहे. मूर्ती नाही, नुसतं मस्तक. ते एक्स-रेत मावेल का?

निखिल: एक्स-रेचं जाऊ दे ताई. थायलंडमधून बुद्धाच्या प्रतिमा बाहेर न्यायला तिथल्या ललित कला खात्याचा परवाना लागतो. दुकानदार बोलत नाही, त्याला विकायचं असतं.

भारती (सी-१०३): वैशाली, राग मानू नकोस, पण आमच्या घरी बुद्ध वंदनेसाठी असतात. सोफ्याशेजारी नुसतं मुंडकं ठेवलेलं बघवत नाही. आपल्या बडोद्यात सयाजीबागेजवळ संकल्पभूमी आहे. १९१७ मध्ये बाबासाहेब जिथे वडाखाली बसले होते, ती. फुकेतच्या आधी एकदा तिथे जाऊन ये, सिटी बसने होतं.

वैशाली: माझा तसा काही हेतू नव्हता. सजावट म्हणून.

भारती: तेच म्हणतेय.

सेक्रेटरी: विषय सामानाचा आहे. 🙏

हितेशभाई (बी-२०३): लाकडानी वस्तू जोईती होय तो आपडे संखेडा नजीक छे ने! दोढ कलाक. हींचको लो, घोडियुं लो, पॉलिश केवुं चकचके. फुकेत शुं काम?

प्रकाशभाऊ: हितेशभाई बरोबर बोलतात. संखेड्याचा झोपाळा टेम्पोत घालून दारात येतो.

सुनंदाकाकू: झोपाळा आहे आमच्याकडे, सासूबाईंचा. हत्ती वेगळा. आणि सगळे हत्ती-हत्ती करताय, पण फुकेतला तो घेताना सगळ्यांनीच हात फिरवून 'वा काकू' म्हटलं होतं. फोटो आहेत माझ्याकडे.

मेधा: काकू, फुकेतच्या पटाँगला जहाज धक्क्याला लागलं नव्हतं, खाडीत नांगर टाकून उभं होतं. छोट्या बोटीतून जायचं-यायचं. लाटेने बोट वर-खाली होतेय, तुम्ही हत्ती उराशी धरून पाय टाकताय, दोन खलाशी तुम्हाला सोडून हत्तीला धरताहेत. मी मागून तुमची पर्स, पिल्लू आणि माझी छत्री घेऊन. 'वा काकू' म्हणायला हात कुठे मोकळा होता?

शिर्के काका: पण बाई पडल्या नाहीत. सुळा गेला तेवढाच.

सुनंदाकाकू: सुळा विमानात गेला. बोटीत नाही.

वैशाली: दुकानदार घरपोच पाठवतो म्हणतात ना?

निखिल: पाठवतो. पण मागाहून आलेल्या पार्सलला प्रवाशाची सवलत नाही, ड्यूटी वेगळी, आणि लाकडाच्या वजनाचं भाडं वस्तूएवढं होतं.

प्रकाशभाऊ: सिंगापूरला टॅक्स परत मिळतो असं जावई म्हणत होता.

निखिल: मिळतो. ९ टक्के, १०० डॉलरच्या वर खरेदी हवी. पण आपलं क्रूझ सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच येतं, म्हणून बंदरावर नाही. घरी निघताना चांगी विमानतळावर करायचं, तेही चेक-इनच्या आधी. वस्तू दाखवा म्हणाले तर दाखवता यायला हवी, बॅगेच्या तळाशी दाबून ठेवू नका. आणि तो फक्त सिंगापूरच्या खरेदीवर. फुकेतच्या हत्तीवर नाही.

दिघे काका: फ्लॅट टीव्ही फ्री अलाउन्समध्ये बसत नाही.

सेक्रेटरी: दिघे साहेब, तीनदा झालं.

दिघे काका: शिर्क्यांना विचारा मी का लिहितोय ते.

*शिर्के काकांनी हा मेसेज डिलीट केला.*

प्रकाशभाऊ: मी वाचला 😂 ४३ इंची!

शिर्के काका: जावयाने मागितलाय. चौकशी करायला काय हरकत आहे?

मेधा: बघितलंत? म्हणून लिहिलं मी. विमानतळावर विचारतात, बॅग तुम्हीच भरलीत का, कोणी काही दिलंय का. मागच्या वेळी मी 'नाही' म्हणाले आणि आत पिल्लू. पोटात गोळा आला होता. आणि एवढं करून तो हत्ती आहे कुठे आता? हॉलमध्ये?

भारती: ए विंगच्या पॅसेजमध्ये. चपलांच्या जागी.

सुनंदाकाकू: हॉलच्या दारातून फिरवता येत नाही तो. सोंड अडते. मी सुताराला सांगितलंय.

सेक्रेटरी: गणपतीच्या आधीही सांगितलं होतंत. कॉमन पॅसेजबद्दल दोन नोटिसा गेल्या आहेत. मुलं त्यावर बसतात, परवा एक पडलं.

सुनंदाकाकू: पडलं ते तुमच्याच मजल्यावरचं. माझ्या हत्तीवर आधी बसायचं, मग माझ्याकडेच तक्रार! आणि लिफ्टसमोर कोणाची सायकल आहे त्याच्यावर नोटीस नाही वाटतं.

सेक्रेटरी: सायकल माझी नाही. मुलाची आहे.

शिर्के काका: वा.

निखिल: एक सुचवतो. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या बॅगा एकदा तोलू. रिकामी जागा किती ते आधीच कळेल, मग फुकेतच्या दुकानात 'तुझ्याकडे जागा आहे का गं' नको.

प्रकाशभाऊ: माझ्याकडे गोडाऊनचा काटा आहे. १०० किलोपर्यंत.

मेधा: चालेल. मी लिहून देते. काकूंचं दोन किलोपर्यंत घेईन. तोलून. मसाले, रुमाल, काहीही. लाकूड नाही, दगड नाही.

सुनंदाकाकू: दोन किलोत काय येतं? बरं, तीन.

मेधा: दोन.

सुनंदाकाकू: अडीच कर आणि मी पिल्लू तुला देते. कायमचं. तुलाच आवडलं होतं.

मेधा: नको 🙏

प्रकाशभाऊ: काटा शनिवारी संध्याकाळी ए विंगच्या लॉबीत आणतो. सपाट जागा लागेल.

सेक्रेटरी: लॉबीतून पॅसेजपर्यंत आधी मोकळं करावं लागेल.

सुनंदाकाकू: हत्ती सरकवायला दोन माणसं पाठवा. आणि तुमची सायकलही.