मदत हवी आहे: कॉलेजच्या आवारात द्राक्षबाग आणि छोटी वायनरी

नमस्कार मंडळी. आमचं कृषी महाविद्यालय यवतमाळ जिल्ह्यात, गावाबाहेर. अर्धा एकर द्राक्षबाग आणि शेजारी पोट्ट्यांनी स्वतः वाईन करून शिकावं अशी एक खोली, एवढंच डोक्यात आहे. "कपाशीच्या मुलखात हे काय खूळ जी?" असं आमचे शिपाईकाका रोज ऐकवतात.

जमीन काळी, भारी. पावसाळ्यात चिखलात चप्पल रुतून राहते. डॉगरिज या जातीच्या द्राक्षवेलीच्या खुंटावर (म्हणजे मुळाकडच्या भागावर) कलम करून, उंच गादीवाफ्यावर लावलं तर निभेल का? त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, म्हणजे एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची (तेव्हा वेल खोलवर छाटतात) कोवळी फूट होरपळणार. शेडनेटखाली कोणी बाग जगवली आहे का?

पांढरी वाईन आंबवताना १५ ते १८ अंश राखायचे, आणि इथे लाईट कधी जाईल नेम नाही. ५० लिटरच्या दोन स्टील टाक्यांना स्वस्तात थंड ठेवायची काही युक्ती?

परवान्याचंही सांगा. विकायची नाही, फक्त शिकवायची, तरी उत्पादन शुल्क खात्याकडे कुठला अर्ज करायचा? (शेजारचा वर्धा दारूबंदीचा, तिकडचे पालक काय म्हणतील ते वेगळंच.)

पुण्याजवळ मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात शिकून आलेलं कोणी असेल तर नक्की लिहा.